माहुली एका दिवसात: आधी परतीची वेळ ठरवा, मग निघायची

हिवाळ्यात रविवारी सकाळी साडेनऊ-दहाला माहुली किल्ल्याच्या पायथ्याशी रिक्षातून उतरणारे ग्रुप पाहिले की काळजी वाटते. खांद्यावर कॉलेजची बॅग, हातात एक लिटरची बाटली, आणि "दोन तासांत वर, दोन तासांत खाली" असा हिशोब. मग दुपारी बाराच्या उन्हात अर्ध्या चढावर पाणी संपतं, माथ्यावर तीन वाजतात आणि उतरताना जंगलात अंधार पडतो. दरवेळी चूक तीच. लोक घरातून निघायची वेळ आधी ठरवतात आणि पुढचा दिवस जसा जाईल तसा जाऊ देतात. योजना संध्याकाळपासून सकाळकडे, म्हणजे उलटी आखायला हवी. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी टप्पे उलटसुलट करू नयेत.

माहुली हा ठाणे जिल्ह्यातला सर्वात उंच किल्ला, समुद्रसपाटीपासून २,८१५ फूट, म्हणजे ८५८ मीटर. सर्वात जवळचं स्टेशन मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावरचं आसनगाव, आणि तिथून पायथ्याचं माहुली गाव पाच-सहा किलोमीटरवर. परिसर तानसा अभयारण्यात येतो. नियोजनाला सुरुवातीला एवढी माहिती पुरे.

टप्पा १: परतीची वेळ कागदावर लिहा

डिसेंबरच्या सुरुवातीला आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. जानेवारीच्या मध्यात सव्वासहा होतात. झाडीत मात्र उजेड त्याच्या अर्धा तास आधीच कमी होतो आणि पायाखालचे दगड दिसेनासे होतात. म्हणून गावात पोहोचायची वेळ साडेचार धरा. सूर्यास्तापर्यंतचा उरलेला दीड तास मुरगळलेल्या पायासाठी, चुकलेल्या वाटेसाठी किंवा माथ्याखालच्या शेवटच्या चढावर असलेल्या शिडीवरच्या गर्दीसाठी राखीव आहे. तो फोटोंमध्ये खर्च करायचा नाही.

आता मागे मोजत या. शिडीपासून गावापर्यंत उतरायला दोन ते अडीच तास लागतात, म्हणजे दोनच्या आत शिडी उतरायला सुरुवात व्हायला हवी. माथ्यावरून शिडीपर्यंत यायला वेळ लागतो, म्हणून एक वाजता माथा सोडायचा. चढायला तीन तास आणि माथ्यावर दीड-दोन तास धरले, तर गावातून चढाईला आठच्या आत लागायला हवं. आसनगाव सातला. ठाण्याहून आसनगावला सव्वा तास धरा, म्हणजे ठाणे स्टेशनवर साडेपाच-पावणेसहाची कसाऱ्याकडे जाणारी गाडी.

चढाईच्या वेळेचा अंदाज बांधायला एक जुनं सूत्र उपयोगी पडतं. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये ते मांडलं: सपाटीवरच्या दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. माहुलीचा चढ सातशे मीटरच्या आसपास आणि चाल चारेक किलोमीटर. सूत्राने उत्तर येतं दोन तास. पण ते थंड हवेतल्या सराईत चालणाऱ्याचं गणित आहे. आपल्याकडचा दमटपणा, ऊन आणि ग्रुपमधली नवखी मंडळी लक्षात घेऊन त्याला दीडने गुणा. तीन तास येतात, आणि बहुतेक ग्रुपना प्रत्यक्षात तेवढेच लागतात.

कागदावर तीन वेळा लिहा आणि ग्रुपमधल्या प्रत्येकाला पाठवा:

- चढाईची सुरुवात: सकाळी ८
- १२ वाजेपर्यंत शिडीशी पोहोचलो नाही, तर तिथूनच मागे
- दुपारी १ वाजता माथ्यावर जिथे असू तिथून परत

> तपासा: या तीन वेळा घरी बसून सगळ्यांनी मान्य केल्या आहेत का? वर गेल्यावर "अजून पंधरा मिनिटं" म्हणणारा एक तरी निघतोच. तेव्हा वाद घालायला लागू नये म्हणून हे आधी ठरवायचं.

टप्पा २: दिवस निवडा

पहिल्या खेपेला नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जा. ऑक्टोबरमध्ये हिरवळ सुंदर असते, पण दुपारची उष्णता अंग पिळून काढते, आणि वाढलेल्या गवतामुळे व कारवीच्या झुडपांमुळे वाट झाकलेली असते. मार्चपासून पुढे वाळलेलं गवत, सुका पाचोळा आणि मुरूम यांवरून पाय घसरतो. एप्रिल-मेमध्ये शहाण्याने जाऊ नये.

पावसाळ्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण सर्वाधिक लोक तेव्हाच जातात. माहुलीच्या पायथ्याला धबधबा आहे आणि गर्दीतले बहुतेक त्याच्यासाठी आलेले असतात. धबधब्याखाली भिजणं आणि किल्ला चढणं हे दोन वेगळे बेत आहेत. एकाच दिवशी दोन्ही करायचे नाहीत. ओल्या कपड्यांनी, थकलेल्या पायांनी निसरड्या कातळावर चढणारे लोक पाहून धडकी भरते. शिवाय किल्ल्याच्या वाटेवर ओढा ओलांडावा लागतो. सकाळी घोटाभर असलेलं पाणी वर डोंगरात सर आली की दुपारी मांडीपर्यंत येऊ शकतं, आणि तोवर तुम्ही पलीकडे अडकलेले असता.

संततधार पावसात मुरलेला उतार कधी सुटेल ते सांगता येत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इरशाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हाही त्या भागात सलग मोठा पाऊस चालू होता. म्हणून हवामान विभागाचा ऑरेंज किंवा रेड इशारा असेल, तर ट्रेक रद्द. आदल्या दोन-तीन दिवसांत मुसळधार झाली असेल आणि आज उघडीप असेल, तरीही रद्दच.

> सावधान: पावसाळ्यात धबधबे आणि गडकिल्ल्यांच्या परिसरात प्रशासन मनाई आदेश काढतं. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली होई, जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली होतं. ठाणे जिल्हा प्रशासनाच्या सूचना आदल्या दिवशी पाहा. "गावातले लोक सोडतात" हा आधार धरू नका.

शक्य असेल तर रविवार टाळा. शनिवारी गर्दी थोडी कमी असते, रेल्वेचा मेगाब्लॉक नसतो आणि दुसऱ्या दिवशी पाय दुखले तर घरी राहता येतं.

टप्पा ३: माणसं ठरवा

चार ते आठ जण ही चांगली संख्या. दोघंच गेलात आणि एकाला काही झालं, तर दुसऱ्याला त्याला सोडून मदत आणायला जावं लागतं. वीस जणांत पहिला आणि शेवटचा यांच्यात अर्ध्या तासाचं अंतर पडतं, मागे कोण राहिलं ते कळत नाही आणि अरुंद शिडीवर खोळंबा होतो.

ग्रुपमध्ये माहुली पूर्वी चढलेला किमान एक जण हवा. नसेल तर गावातून वाटाड्या घ्यायचा हे आत्ताच ठरवा आणि त्याचे पैसे खर्चात धरा. दम्याचा त्रास, मधुमेह, गुडघ्याचं दुखणं, उंचीची भीती यांबद्दल प्रत्येकाशी मोकळेपणाने बोला. आपल्याकडे "मला जमत नाही" म्हणायला लोकांना संकोच वाटतो. विचारणाऱ्याने तो आधी दूर करायला हवा. उंचीची भीती असलेल्या माणसाला शिडीखाली पोहोचल्यावर ढकलत नेण्यापेक्षा, "शिडीपर्यंत येऊ आणि तिथे दोघं थांबू" असं आधीच ठरवणं बरं.

पैसे भरून एखाद्या संस्थेबरोबर जाणार असाल, तर तीन प्रश्न विचारा: किती जणांमागे एक लीडर असतो, लीडरने प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलंय का, आणि हवामान बिघडलं तर पैसे परत मिळतात का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही असेल, तर त्या दिवशी ट्रेक रद्द करण्यापेक्षा रेटण्याकडे त्यांचा कल असणार. महाराष्ट्र शासनाचं २०२१ चं साहसी पर्यटन धोरण अशा आयोजकांनी नोंदणी करावी असं सांगतं, तेव्हा नोंदणीही विचारा.

टप्पा ४: दोन आठवडे पायांना सवय लावा

एक मजला तीन मीटरचा धरला, तर सातशे मीटर म्हणजे २३३ मजले. हा आकडा डोळ्यांपुढे ठेवला की तयारीचं महत्त्व कळतं. ठाण्यात आणि नवी मुंबईत उंच इमारतींची कमी नाही. एक दिवसाआड पंचवीस-तीस मजले चढा, आणि उतरतानाही लिफ्ट घेऊ नका. ट्रेकच्या दुसऱ्या दिवशी मांड्या आखडतात त्या मुख्यतः उताराने, आणि उताराचा सराव कुणी करत नाही. एका रविवारी ठाण्यातल्या उपवनहून येऊरचा रस्ता, किंवा नवी मुंबईकरांनी बेलापूरची पारसिक टेकडी, पाठीवर चार लिटर पाणी घेऊन चढून या. दम किती लागतो, सॅकचा पट्टा कुठे काचतो, बूट कुठे चावतो, ते सगळं तिथे कळेल.

बूट ही या टप्प्यातली खरी खरेदी. जिममधले गुळगुळीत तळाचे स्पोर्ट शूज मुरमावर थांबत नाहीत. तळाला खोल खाचा आणि घोट्याला थोडा आधार हवा. फार महागाचे नकोत. सह्याद्रीत कितीतरी लोकांनी ॲक्शन कंपनीच्या ट्रेकिंग शूजवर उभी हयात काढली आहे. माप घेताना जाड मोजा घाला आणि बोटांपुढे थोडी जागा सोडा, नाहीतर उतरताना अंगठ्याची नखं काळी पडतात.

> चूक: ट्रेकच्या आदल्या दिवशी नवा बूट आणणं. किमान आठवडाभर रोज वापरलेला बूटच घाला. जुना, कपाटात वर्षानुवर्षं पडलेला बूटही तितकाच धोक्याचा. त्याचा डिंक सुकलेला असतो आणि तळ अर्ध्या वाटेत सुटून येतो. वाकवून, ओढून बघा.

टप्पा ५: सॅक भरा

पाण्यापासून सुरुवात. हिवाळ्यात माणशी तीन लिटर, ऑक्टोबरात किंवा फेब्रुवारीनंतर चार. चार लिटर म्हणजे चार किलो. ते जड वाटतं म्हणून लोक दोन बाटल्या घरीच ठेवतात आणि "वर टाकं आहे" म्हणतात. माथ्यावर टाकी आहेत, पण त्या आठवड्यात त्यांत पाणी आहे का आणि ते कसं आहे, हे फक्त गावातल्यांना ठाऊक असतं. ते पाणी प्यायचंच झालं तर गाळून आणि क्लोरीनची गोळी टाकूनच.

पाणी एका मोठ्या कॅनमध्ये नको. प्रत्येकाने स्वतःचं स्वतः वाहायचं, लिटरच्या बाटल्यांतून. एक बाटली सॅकच्या तळाशी ठेवायची आणि उतरायला लागल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. एवढा एक नियम पाळला तरी निम्मे त्रास टळतात.

घामाबरोबर मीठही जातं. नुसतं पाणी ढोसलं की डोकं दुखतं, मळमळतं. ओआरएसची पाकिटं माणशी दोन ठेवा. एक पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात, अर्धं-पाऊण नव्हे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

खाणं सुटसुटीत असू द्या: थेपले, किंवा पोळीत कोरडी भाजी घातलेली गुंडाळी. शेंगदाण्याची चिक्की, खजूर, दोन संत्री, एक काकडी. वेफर्स आणि फरसाण तहान वाढवतात. श्रीखंड, दही, अंडी उन्हात ठेवून दुपारी खाण्याचं धाडस करू नका.

बाकीच्या वस्तू: डोक्याला बांधायची हेडलॅम्प किंवा टॉर्च आणि जादा सेल, प्रत्येकाकडे वेगळी, मोबाईलचा उजेड हिशोबात धरू नका. पूर्ण बाह्यांचा सुती किंवा लवकर सुकणारा शर्ट, पूर्ण पँट. जीन्स नको, ती घामाने जड होते आणि गुडघा मोकळेपणी वाकत नाही. टोपी. क्रेप बँडेज, चिकटपट्ट्या, जंतुनाशक, आपापली नेहमीची औषधं. शिट्टी. पॉवरबँक. कचऱ्यासाठी एक पिशवी. संत्र्याची सालंही त्यात टाकून घरी आणायची, कारण जंगलात फेकलेल्या अन्नामुळे माकडांना माणसांच्या बॅगांची सवय लागते.

सुगंधी तेल, परफ्यूम, डिओडरंट घरी ठेवा. कारण टप्पा ११ मध्ये येईल.

> तपासा: भरलेली सॅक पाठीवर घेऊन दोन्ही हात मोकळे आहेत का? एका हातात पिशवी धरून शिडी चढता येत नाही.

टप्पा ६: आदली संध्याकाळ

चार कामं. मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक कुठे आणि किती वाजता आहे ते पाहा. मुख्य मार्गावर असेल तर परतीची गाडी बदलते. हवामानाचा इशारा पुन्हा पाहा. मार्गाचा नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या, कारण वर नेटवर्क भरवशाचं नाही. आणि घरी एका माणसाला लिहून द्या: कुठे चाललो, कोण कोण आहोत, कुठल्या गावातून चढणार, साडेसहापर्यंत फोन आला नाही तर काय करायचं. महाराष्ट्रात गिर्यारोहकांचं बचावकार्यासाठीचं समन्वय केंद्र आहे. त्याचा हेल्पलाइन क्रमांक शोधून या कागदावर आणि सगळ्यांच्या फोनमध्ये ठेवा. शिवाय आपत्कालीन मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८.

रात्री हलकं जेवण आणि दहाला झोप. रात्रभर जागून सकाळी निघणारे अकरा वाजता बसकण मारतात.

टप्पा ७: आसनगावपर्यंत

कसारा किंवा आसनगाव लोकलच हवी. टिटवाळा लोकल अलीकडेच संपते, आणि कर्जत-बदलापूरची गाडी कल्याणनंतर दुसऱ्याच दिशेला जाते. झोपेत ही चूक होते. कल्याणच्या पुढे गाड्या विरळ आहेत. एक चुकली तर पुढचीला बराच वेळ लागू शकतो आणि दिवसाचं गणित तिथेच कोलमडतं. तिकीट परतीसकट काढा.

वाशी, नेरुळ, पनवेलकडच्यांनी ट्रान्सहार्बर लोकलने ठाण्याला येऊन गाडी बदलायची. तुमच्या स्टेशनवरून ठाण्याला वेळेत पोहोचवणारी पहाटेची गाडी आहे का ते आधी बघा. नसेल तर आदल्या रात्री ठाण्यात मित्राकडे, मावशीकडे मुक्काम करणं सगळ्यात सोपं.

गाडीने जाणाऱ्यांना सकाळी ठाण्यातल्या माजिवड्याहून नाशिक महामार्गाने पटकन पोहोचता येतं, पण रविवारी संध्याकाळी पडघा ते माजिवडा वाहतूक तुंबते, आणि समृद्धी महामार्गावरून आमण्याला उतरणाऱ्या गाड्याही त्यातच मिसळतात. थकलेल्या माणसाने दोन-तीन तास क्लच दाबत बसायचं, हे मला पटत नाही. लोकल बरी.

स्टेशनबाहेरून माहुली गावाला रिक्षा मिळते. भाडं बसण्याआधी ठरवा, आणि परतीसाठी त्याच रिक्षावाल्या दादांचा नंबर घेऊन साडेचारची वेळ सांगून ठेवा. गावातून संध्याकाळी रिक्षा मिळेलच असं नाही.

टप्पा ८: गावात पंधरा मिनिटं

प्रवेशापाशी नोंद करा आणि जे शुल्क असेल ते भरून पावती घ्या. नोंदवहीत खरी नावं, खरा नंबर. शोध घ्यायची वेळ आली तर तोच पहिला धागा असतो.

मग गावात कुणी मोठं माणूस दिसलं तर थांबून विचारा: "काका, वर पाणी आहे का? वाट साफ आहे का? पोळी बसल्यात का कुठं?" आग्या मोहोळाला इकडे बरेच जण पोळं किंवा पोळी म्हणतात, आणि या वर्षी ती कुठल्या कड्याला आहेत हे गावाला माहीत असतं. दुपारी गावातच जेवायचं असेल तर आत्ता सांगून जा, किती जण आणि किती वाजता. न सांगता साडेचारला दहा जणांनी भाकरी मागणं बरोबर नाही.

> तपासा: घड्याळात आठ वाजलेत का? साडेनऊ झाले असतील तर माथ्याचा बेत सोडा आणि दोन तास चढून जिथे पोहोचाल तिथून परत या.

टप्पा ९: चढ

सगळ्यात सावकाश चालणारा पुढे, सगळ्यात अनुभवी माणूस शेवटी. बरेच ग्रुप उलटं करतात. दणकट पोरं पुढे पळतात, सावलीत थांबतात, मागचे धापा टाकत पोहोचतात आणि त्याच क्षणी पुढचे उठून चालू लागतात. ज्यांना विश्रांतीची गरज जास्त, त्यांनाच ती मिळत नाही.

वेग किती? चालताना पूर्ण वाक्य बोलता यायला हवं. दर पन्नास मिनिटांनी दहा मिनिटं थांबा, उभ्याने दोन-दोन मिनिटं थांबण्याला विश्रांती म्हणत नाहीत. तहान लागायच्या आधी दोन-तीन घोट प्या.

वाट चुकण्याची पहिली जागा चढ सुरू होण्याआधीच आहे. गावाबाहेरच्या रानात गुरांच्या पायांनी पडलेल्या ढोरवाटा चांगल्या रुंद आणि मळलेल्या असतात, त्यामुळे त्याच खऱ्या वाटतात. ढोरवाट ओळखायची खूण अशी की ती फांद्यांखालून कंबरेएवढ्या उंचीने जाते, आडवी फिरत राहते आणि चढ टाळते. किल्ल्याची वाट ओढा ओलांडून सोंडेवर, म्हणजे डोंगराच्या खाली उतरत आलेल्या धारेवर, चढायला लागते. दगडांवर रंगवलेले बाण शोधत जा. दहा मिनिटं बाण दिसला नाही, तर शेवटच्या बाणापर्यंत मागे या. पुढे जाऊन "मिळेल वाट" म्हणू नका. प्रत्येक फाट्यावर मागे वळून पाहा आणि एक फोटो काढा, कारण उतरताना तीच जागा वेगळी दिसते.

सोंडेवरचा चढ उभा आहे. घसारा, म्हणजे सुटी माती-दगड, असेल तिथे पाऊल पूर्ण टेकवा, टाचेवर किंवा चवड्यावर नको. वाळलेलं गवत आधारासाठी धरू नका, ते मुळासकट हातात येतं.

शिडी शेवटच्या टप्प्यात लागते. एका वेळी एकच जण. आधी हलवून पाहा, मग चढा. तीन आधार कायम ठेवायचे: दोन हात आणि एक पाय, किंवा दोन पाय आणि एक हात. खाली थांबणाऱ्यांनी शिडीच्या रेषेत उभं राहू नये, वरून दगड किंवा बाटली सुटते. मोबाईल खिशात, चेन लावून.

> तपासा: शिडीखाली बारा वाजलेत? तर इथूनच मागे, ठरलं आहे तसं.

टप्पा १०: माथा

माहुलीचा माथा एक सलग मैदान नाही. उत्तरेला पळसगड, मध्ये माहुली, दक्षिणेला भांडारगड, आणि मधे दाट झाडी. एका दिवसात तिन्ही होत नाहीत. वेळेत पोहोचला असाल तर पाण्याचं टाकं आणि महादरवाजा आणि त्याच्या देवड्या, म्हणजे पहारेकऱ्यांच्या खोल्या, पाहा. भांडारगडाच्या टोकावरून वजीर आणि नवरा-नवरीचे सुळके दिसतात हे खरं, पण तिकडची वाट कारवीच्या जंगलातून जाते आणि माणसं सर्वात जास्त इथेच चुकतात. साडेदहाच्या आत शिडी चढला असाल आणि बरोबर वाटाड्या असेल, तरच तिकडे वळा.

माथ्यावर कुणी एकट्याने लघवीला किंवा फोटोला दूर जाऊ नये. जायचंच असेल तर सांगून, हाकेच्या अंतरात. कड्याच्या काठावरचं गवत पुढे लोंबलेलं असतं आणि खाली जमीन नसते, म्हणून काठापासून माणसाच्या उंचीइतकं अंतर ठेवा.

जेवण साडेबारापर्यंत आटपा. एक वाजता उठायचं.

टप्पा ११: उतार, आणि काही बिघडलं तर

पाय दमलेले, लक्ष घराकडे, म्हणून बहुतेक जण उतरतानाच पडतात. निघण्याआधी बुटाच्या नाड्या घोट्याशी घट्ट करा. शिडी उतरताना तोंड शिडीकडे. उभ्या उतारावर गुडघे थोडे वाकवून, छोटी पावलं. धावत उतरू नका, थांबता येत नाही. राखून ठेवलेली पाण्याची बाटली आता काढा.

वाट चुकली तर: सगळे एका जागी थांबा, शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत परत चढा. शिट्टीचे तीन-तीन आवाज द्या. खाली गाव दिसतंय म्हणून ओढ्याच्या पात्रातून किंवा घळीतून थेट उतरायचं नाही. सह्याद्रीतली अशी पात्रं अनेकदा मधेच कड्यावर संपतात, आणि मग वर चढता येत नाही, खालीही उतरता येत नाही. अंधार पडलाच तर सुरक्षित सपाट जागी बसून ११२ ला फोन लावा. शोधणाऱ्यांना एका जागी थांबलेली माणसं लवकर सापडतात.

मधमाश्या: आग्या मोहोळाच्या माश्या धुराने, गोंगाटाने आणि उग्र वासाने खवळतात. म्हणून परफ्यूम नको, विडी-सिगारेट नको, माथ्यावर चूल नको, आरडाओरडा नको. हल्ला झालाच तर डोकं आणि चेहरा कपड्याने झाका, हात झाडू नका, कड्याचं भान ठेवून तिथून दूर व्हा. ओठ किंवा घसा सुजला, श्वास लागला तर तो जीवघेणा प्रकार असू शकतो. लगेच १०८.

साप चावला तर: माणसाला बसवा, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, अंगठी, कडं, घट्ट बूट काढा. आवळपट्टी बांधायची नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही, साप मारत बसायचं नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणारी लस असते आणि ती रुग्णालयातच देता येते, म्हणून उचलून खाली आणा आणि शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय गाठा. कुठल्या वेळी चावला ते लिहून ठेवा.

ऊन लागणं: माणूस असंबद्ध बोलायला लागला, पावलं अडखळली, अंग तापलं, तर चालणं तिथेच बंद. सावली, बूट-मोजे काढणं, मान, काखा आणि जांघेत ओला रुमाल, वारा. पूर्ण शुद्धीत असेल तरच ओआरएस घोटघोट. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

टप्पा १२: गावात पोहोचल्यावर

माणसं मोजा. नोंदवहीत परतीची वेळ लिहा किंवा तिथे सांगा, नाहीतर तुम्ही वरच आहात असं समजलं जाईल. बूट काढून पायांवर आणि मोज्यांच्या कडेला गोचिडी, फोड, काटे बघा. फोड फोडू नका, चिकटपट्टी लावा. रिक्षावाल्या दादांना फोन करा. आणि ज्या माणसाला घरी कागद दिला होता, त्याला आसनगाव स्टेशनवरून लगेच कळवा. गाडीत बसल्या बसल्या सगळ्यांना झोप लागते, फोन करायचा राहून जातो, आणि साडेसहानंतर तो माणूस ठरल्याप्रमाणे मदतीसाठी फोन फिरवायला लागतो.